तिसरा मजला, लिफ्ट नाही: गिरणगावात माणसाचं चालणं कधी थांबतं?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. लोकलच्या गोंगाटात ज्यांना नीट ऐकू आलं नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं त्यांच्यासाठीही.

आधी एक काम करा. फोनमधलं पावलं मोजणारं ॲप उघडा. बहुतेकांना तिथे दहा हजारांचं टार्गेट दिसेल. हा आकडा कुठल्या डॉक्टरने ठरवला? कुठल्याच नाही. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानमध्ये व्यायामाची लाट आली आणि १९६५ मध्ये तिथे कमरेला अडकवायचं एक छोटं यंत्र बाजारात आलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आकडा गोल, लक्षात राहणारा, विकायला सोपा. तो आजपर्यंत आपल्या खिशात येऊन बसलाय. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे सतरा हजार वयस्क बायकांची पावलं मोजली गेली. त्यांचं सरासरी वय होतं ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता.

तर तुमच्या आजीला दहा हजारांची गरज नाही. पण ती लालबागला किंवा ठाकूरद्वारला तिसऱ्या मजल्यावर राहत असेल आणि इमारतीला लिफ्ट नसेल, तर तिची पावलं बहुतेक खोलीतल्या खोलीतच पडतात. ओटा ते मोरी, मोरी ते खाट, खाट ते गॅलरी. आपण सहज म्हणतो, 'वय झालं, आता गुडघे चालत नाहीत.' वय झालंय हे खरंच. पण गुडघ्यांबरोबर जिन्याकडेही बघायला हवं, आणि तो जिना कोणासाठी बांधला होता हेही.

चाळ बांधली तेव्हा म्हातारे कुठे होते?

मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली १८५४ मध्ये, आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा धुराड्यांचा झाला. माणसं आली कोकणातून आणि घाटावरून. कोण आलं? तरुण पुरुष. बायको, आईबाप, शेत सगळं गावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशे बायकासुद्धा नव्हत्या. एका गावची पंधरा-वीस माणसं मिळून एक खोली घ्यायची. पाळीनुसार झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि भोंगा झाला की पळायचं.

मग १८९६ मध्ये प्लेग आला. सरकार हादरलं आणि १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. बीआयटी चाळी त्याच्या. पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई आणखी वाढली, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. हीच आपली बीडीडी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे मिळून दोनशेहून जास्त इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, मधून लांबच लांब बोळ आणि संडास सगळ्यांचे मिळून.

या सगळ्या बांधकामात एका माणसाचा विचारच नव्हता: म्हाताऱ्याचा. आणि मला वाटतं, यात कोणाचा दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही. म्हातारा माणूस त्या शहरात राहतच नव्हता. गिरणीत अंग थकलं की कामगार फंडाचे पैसे घ्यायचा, ट्रंक बांधायचा आणि बोटीने किंवा एसटीने गावी जायचा. त्याची खोली, कधीकधी त्याची नोकरीसुद्धा, पुतण्याकडे जायची. मुंबईने माणसाची वीस ते पन्नास ही वर्षं वापरली आणि उरलेली गावी पाठवून दिली. गावच्या घराला जिना नव्हता. अंगण होतं, ओटी होती, बाहेर पडलं की थेट जमीन.

त्यात आयुष्यही छोटी होती. स्वातंत्र्याच्या वेळी भारतातलं सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षांचं होतं. हा आकडा ऐकून लोक समजतात की तेव्हा सगळेच तिशीत जायचे. तसं नाही. लहान मुलं फार दगावायची, म्हणून सरासरी खाली यायची. पण साठी ओलांडणारे आजच्या तुलनेत खरंच कमी होते. आज ते सरासरी सत्तरच्या आसपास आहे. जिना मात्र तोच राहिला.

मग हे बदललं कधी? हळूहळू. बायका आल्या, मुलं मुंबईच्या शाळेत गेली, गावाशी असलेली नाळ गणपती आणि शिमग्यापुरती उरली. आणि मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे कधी घेतला गेलाच नाही. कितीतरी जण गावी परतले. पण ज्यांची मुलं इथे वाढत होती ते राहिले. कोणी भाजी विकली, कोणी रात्रीची वॉचमनची नोकरी धरली, आणि घरची बाई चार घरची पोळीभाजी करू लागली. आता साधा हिशोब करा. संपाच्या वेळी जो तीस-चाळीस वर्षांचा होता, तो आज पंचाहत्तर-पंच्याऐंशीच्या घरात आहे. मुंबईत म्हातारी झालेली गिरणगावची ही पहिली मोठी पिढी. त्यांच्या आधीच्यांना हा जिना सत्तराव्या वर्षी फारसा चढावाच लागला नव्हता.

गिरगावची गोष्ट थोडी वेगळी, पण वळते तिथेच. तिथे कारकून, शिक्षक, छापखान्यातली माणसं कुटुंबासकट राहत होती. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. खोल्या लहान पडल्या तशी मुलं बोरिवलीला, डोंबिवलीला गेली. आईवडील पागडीच्या खोलीत राहिले, कारण खोली सोडली की हक्क गेला. तळमजल्यावर हलावं म्हटलं तर तिथे दुकानं. मुंबई शहरात अशा जुन्या उपकरप्राप्त इमारती सुरुवातीला एकोणीस हजारांहून जास्त मोजल्या गेल्या होत्या. त्यातल्या कितींच्या लाकडी जिन्यावर पायरी मधोमध खोलगट झाली आहे, बल्ब गेलेला आहे, खाली टेकू लावलेला आहे, हे तुम्ही दक्षिण मुंबईत राहत असाल तर मला सांगायची गरज नाही.

पायात नेमकं काय होतं

आता थोडं शरीरशास्त्र. कंटाळू नका, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकाने या झिजेला नाव दिलं, 'सार्कोपेनिया'. पण नुसतं मांस कमी होतं असं नाही. आपल्या स्नायूंमध्ये दोन प्रकारचे तंतू असतात. काही सावकाश काम करणारे, न थकणारे. काही झटक्यात जोर लावणारे. वयानुसार जास्त मार खातात ते झटकेवाले. म्हणून एखादे आजोबा शिवाजी पार्कला सावकाश दोन फेऱ्या मारतात, पण खुर्चीवरून उठताना हात टेकतात. चालायला सावकाश तंतू पुरतात. उठायला, तोल गेला तर झटकन पाऊल पुढे टाकायला झटकेवाले लागतात.

जिन्यात दोन वेगळ्या परीक्षा असतात. चढताना मांडीचे स्नायू आणि हृदय यांची. उतरताना गंमत वेगळीच. उतरताना स्नायूला अंगाचं वजन सावकाश खाली सोडायचं असतं, ब्रेक लावून. गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट भार येतो. चढताना धाप लागते म्हणून आपण चढण्याला घाबरतो, पण माणसं जास्त पडतात ती उतरताना. त्यात चष्मा दोन भिंगांचा असेल, वर लांबचं आणि खाली वाचायचं, तर खाली बघताना नेमकी पायरीच धूसर दिसते. हे फार जणांना माहीत नसतं. जिना उतरताना नुसत्या लांबच्या नंबरचा चष्मा लावला तर फरक पडतो.

आणि मग येतो तो दिवस. लालबागच्या कुठल्याही चाळीत चौकशी करा, असं एक घर सापडेलच. पावसाळ्यात ओल्या पायरीवर काकू घसरतात. हाड मोडत नाही, नुसता मुका मार. दोन आठवडे झोपून. घरचे काळजीने म्हणतात, 'आता खाली उतरू नका. काय हवं ते आम्ही आणतो.' महिना जातो. काकू खाली उतरत नाहीत. मग उतरवत नाही. सहा महिन्यांनी सगळे म्हणतात, एकदम म्हाताऱ्या झाल्या नाही का?

या 'एकदम'चा हिशोब जगात एका ठिकाणी फार नीट मांडलेला आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. पलंगावरून उठायचंच नाही. नंतर मोजलं तर त्यांची दम टिकवण्याची क्षमता धाडकन खाली आली होती. खरी मजा तीस वर्षांनी. तेच पाच जण पन्नाशीत पुन्हा तपासले गेले. तीस वर्षांच्या वयाने त्यांची जितकी क्षमता नेली होती, त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने नेली होती! आणि पन्नाशीत सहा महिने सराव केल्यावर वयाने नेलेलं त्यांनी बरंचसं परत मिळवलं. पाचच माणसं होती, सगळे पुरुष, तेव्हा या प्रयोगाला देव्हाऱ्यात बसवायला नको. पण काकूंचं काय झालं ते यावरून कळतं.

आपण सगळ्यांनी हा प्रयोग एकदा जिवंत पाहिलाय. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि ६५ वर्षांवरच्यांनी घरातच राहावं असं सांगितलं गेलं. कारण योग्य होतं, जीव वाचवायचे होते. पण १६० चौरस फुटांत महिनोन्‌महिने म्हणजे काय, ते ज्याने केलं त्याच्या मांड्यांना विचारा. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरचे कितीतरी चेहरे नंतर काठी घेऊन आले, आणि काही आलेच नाहीत.

एका कंडक्टरची गोष्ट, आणि परळचं एक वर्ष

१९५३ हे साल लक्षात ठेवा, दोन गोष्टींसाठी.

पहिली लंडनची. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने तिथल्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दोघे एकाच वर्गातले, पगार जवळपास सारखा, धूर तोच. फरक एकच. ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना वरखाली. कामाच्या एका दिवसात पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता आणि झालाच तर कमी जीवघेणा ठरत होता. तोपर्यंत 'अंगमेहनतीने आयुष्य वाढतं' ही आजीबाईंची समजूत होती. आता ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे टीका झाली की ड्रायव्हर मुळातच जाड होते, आणि मॉरिसने स्वतःच त्यांच्या गणवेशांची मापं काढून ते तपासलं. पण मुद्दा टिकला.

मुंबईतही डबलडेकर १९३७ पासून धावत होत्या. आपल्या बेस्टच्या कंडक्टरांवर असा अभ्यास कोणी केला असता तर किती बरं झालं असतं. आणि फक्त कंडक्टर कशाला? गिरणीतलं साचेखातं घ्या. विणकर दोन साच्यांमध्ये उभा, सतत येरझाऱ्या. मालकांनी माणशी साचे वाढवायला घेतले आणि १९२८ च्या मोठ्या संपामागे तेही एक कारण होतं. आठ-दहा तास उभं राहणं, चालणं, वाकणं. मग घरी जिना. या माणसाला व्यायामाचं ॲप दाखवलं असतं तर तो हसला असता.

पण थांबा. यातून 'जुनी माणसं दणकट होती' हा व्हॉट्सॲपवरचा निष्कर्ष काढू नका. कापसाच्या धुळीने फुप्फुसं गेली, साच्यांच्या आवाजाने कान गेले, आणि त्या उभं राहण्याने कितीतरी जणांच्या पायांच्या शिरा फुगल्या. स्वतःच्या मर्जीने केलेली हालचाल आणि पोटासाठी मोडेपर्यंत केलेली हालचाल यांचा शरीरावरचा हिशोब वेगळा असतो. घरात बायकांचं हेच. नळाला पाणी आलं की हंडा कळशी घेऊन धावायचं, खाली बसून भांडी, खाली बसून पोळ्या. त्यामुळे मांड्या मजबूत राहिल्या हे खरं. गुडघे त्यातूनच झिजले हेही तितकंच खरं.

खाली बसण्यावरून आठवलं. तुम्ही ते रील पाहिलं असेल, हात न टेकता जमिनीवर बसून उठून दाखवायचं आणि 'तुम्ही किती जगणार ते कळेल'. त्याच्या मागे खरा अभ्यास आहे, ब्राझीलचा, २०१२ मधला, ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांवर केलेला. ज्यांना आधार घ्यावा लागत होता त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यू जास्त झाले. पण आधार घेतला म्हणून ते गेले नाहीत. पायातली ताकद, तोल, लवचीकपणा, आधीची दुखणी, सगळं त्या एका उठण्यात दिसतं एवढंच. पाटावर बसून जेवणारी आजी ही परीक्षा रोज दोनदा देत होती. डायनिंग टेबल आलं आणि परीक्षा बंद झाली.

आता १९५३ ची दुसरी गोष्ट, आणि ती आपल्या परळची. केईएम रुग्णालय सुरू झालं १९२६ मध्ये. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची साथ आली. पाय लुळे पडलेली लहान मुलं. औषध नव्हतं, लस अजून यायची होती. एकच उपाय होता: उरलेल्या स्नायूंकडून रोज, चिकाटीने, मोजून काम करून घेणं. ते शिकवणारे लोक देशात जवळपास नव्हतेच. म्हणून केंद्र सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि मुंबई महापालिका यांनी मिळून १९५३ मध्ये केईएममध्ये फिजिओथेरपीची शाळा काढली. देशातली पहिली.

मला या गोष्टीत एक विलक्षण वळण दिसतं. मुलांना उभं करायला जी विद्या परळला आली, तिच्याकडे आज आजी-आजोबा जातात. पोलिओ गेला, बाकावर बसणाऱ्यांचं वय बदललं. विद्या तीच: जो स्नायू उरलाय त्याला झेपेल तेवढं, रोज थोडं जास्त.

आणि ही विद्या अगदी शेवटच्या टप्प्यावरही लागू पडते का? हा प्रश्न १९९० मध्ये बोस्टनमध्ये विचारला गेला. मारिया फियातारोने या डॉक्टरने एका वृद्धाश्रमातली दहा माणसं घेतली, सरासरी वय नव्वद. त्यांच्याकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनांसह व्यायाम करून घेतला. हो, वजनांसह. नव्वदीत. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. तोवर डॉक्टरमंडळीही समजत होती की या वयात वजन उचलायला लावणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

दादरला हे आधीच कोणी केलं होतं?

पूर्ण नाही, पण काहीतरी होतं. १९२५ मध्ये दादर-माहीमच्या सीमेवर महापालिकेने एक मोठं मैदान लोकांना खुलं केलं. आधी नाव माहीम पार्क. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झालं. त्याच १९२५ मध्ये काळे गुरुजींनी श्री समर्थ व्यायाम मंदिर सुरू केलं, ज्याच्या मल्लखांबाने पुढे जगभर माणसं पाठवली. तिथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हाच्या व्यायामशाळेची हाक तरुणांना होती: बलोपासना करा, देश घडवा. म्हातारे त्या हाकेतही नव्हते. पण मैदानाभोवती एक बसका कट्टा बांधला गेला, आणि नकळत म्हाताऱ्यांसाठी मुंबईतली सर्वात उपयोगी गोष्ट तयार झाली.

का उपयोगी? फेरी एक किलोमीटरहून थोडी जास्त आहे. आणि कुठेही दमलात तर दोन पावलांवर बसायला जागा. वयस्क माणूस किती दूर जाईल हे त्याच्या पायांपेक्षा 'मध्ये बसायला मिळेल का' आणि 'वाटेत संडास आहे का' यावर जास्त ठरतं. कट्टा उंचीला असा की उठताना फार जोर लागत नाही. वर गप्पा फुकट. दादरच्या रानडे रोडवर किंवा लालबागच्या बाजारात हे करून बघा. फूटपाथ फेरीवाल्यांचा, रस्ता गाड्यांचा, बसायची जागा शून्य.

रस्ता ओलांडण्याचंही तेच. पादचारी सिग्नलचा वेळ ठरवताना साधारण सेकंदाला १.२ मीटर वेग धरतात. पण सत्तरी-ऐंशीतली खूप माणसं ०.८ च्या आसपास चालतात. समजा रस्ता सोळा मीटर रुंद आहे. तुम्हाला तेरा-चौदा सेकंद लागतील, आजोबांना वीस. ते सहा सेकंद आजोबा रस्त्याच्या मधोमध असतात, समोर मोटरसायकली रेस करत उभ्या. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा ते पलीकडे जातच नाहीत. डॉक्टर ज्याला 'हालचाल कमी झाली' म्हणतात ती बऱ्याचदा अशी कमी झालेली असते.

आता लिफ्ट आली आहे

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट, चाळीसेक मजल्यांचा टॉवर, घरात स्वतःचा संडास आणि लिफ्ट. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भुयारी मेट्रो पूर्ण धावायला लागली आणि गिरगावला स्टेशन मिळालं. जमिनीच्या पोटातून यंत्र तुम्हाला रस्त्यावर आणून सोडतं. तिथून पुढचे चाळीचे दोन मजले तेवढे तुमचे तुम्ही चढा.

चाळीचं कौतुक करणाऱ्यांचा मला इथे थोडा राग येतो. रात्री दोन वाजता, अंधारात, गॅलरीच्या टोकाच्या संडासात दुखऱ्या गुडघ्यांनी उकिडवं बसावं लागणं यात रम्य काही नाही. लिफ्ट ही चैन नव्हे. वर्षानुवर्षं वर अडकलेल्या माणसाला ती रस्ता परत देते, आणि ती मिळायला शंभर वर्षं लागली.

पण टॉवरमध्ये काय जातं तेही बघून ठेवा. चाळीत आजी गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. वीस दारं, प्रत्येक दारात कोणीतरी. 'काय ग, काय केलंस आज जेवायला?' करत तिची चारशे पावलं व्हायची आणि तिला ती व्यायाम वाटायची नाहीत. टॉवरमध्ये दार बंद, बाहेर लिफ्टची छोटी लॉबी, टीव्ही समोर. मजला पंचविसावा असेल आणि लिफ्ट बंद पडली, तर जुना तिसरा मजला बरा होता म्हणायची पाळी. आणि पाय तर आधीच जिना विसरलेले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना ६५ वर्षांवरच्यांसाठी असं सांगतात: आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम हालचाल, आणि आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम. आपल्याकडे पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ आहे, 'चाला'. दुसरा कोणी सांगतच नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, ओट्याला धरून टाचा वर करणं, भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं. यासाठी जिम लागत नाही आणि १६० चौरस फूटही पुरतात. नुकतं पडणं झालं असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि मग सुरू करा. घरात कोणी पडून उठलं असेल तर 'खाली उतरू नका' म्हणण्याआधी एकदा फिजिओथेरपिस्टकडे न्या. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि प्रत्येक वळणावर चालू बल्ब, एवढी सोय चाळ कमिटीच्या वर्गणीतही होते. गणपतीच्या रोषणाईचं बजेट बघितलंय मी.

या आठवड्यात तुम्ही एवढं करा. घरातल्या आजी, आजोबा, काका, मावशी, जे कोणी असतील त्यांच्याबरोबर भारतमाताजवळ किंवा तुमच्या नाक्यावर रस्ता ओलांडा, त्यांच्या वेगाने. फोनवर सेकंद मोजा. सिग्नल किती सेकंदांचा होता आणि त्यांना किती लागले, ते तुमच्या इमारतीच्या पायऱ्यांच्या संख्येसकट आम्हाला लिहून पाठवा. आलेले आकडे पुढच्या भागात वाचून दाखवू. आणि तो भाग असेल ३१ मार्च १९६४ च्या रात्रीवर, बोरीबंदरहून दादरला गेलेल्या शेवटच्या ट्रामवर.